पूर्णिमाताईंचं ओगराळं

जबलपुरातल्या मराठी घरांत लग्न ठरलं, मुंज ठरली किंवा मंडळाचं गणपतीतलं जेवण ठरलं, की पत्रिका छापायला जाण्याआधी घमापूर मोहल्ल्यात एक निरोप पोचायचा. पूर्णिमाताईंना विचारा, त्या दिवशी मोकळ्या आहेत ना? स्वयंपाकाला आचारी असायचे, भांड्यांना बाया असायच्या, मिरवायला यजमान तर असायचेच. पूर्णिमाताईंना बोलावणं असायचं ते फक्त वाढायला.

हा ‘फक्त’ त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. पानात पदार्थ टाकणं आणि वाढणं यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांची पूर्णिमाताईंना मनापासून कीव यायची. पदर खोचून, हातात ओगराळं घेऊन त्या पंगतीत शिरल्या, की भल्याभल्यांचे पथ्याचे बेत मोडून पडत. ‘नको’ म्हणणाऱ्याशी त्या कधी वाद घालत नसत. त्याच्याकडे प्रेमानं पाहून इतकंच विचारत, “धाकटीचं काय सुरू आहे आता? नागपूरलाच आहे ना?” तो बिचारा धाकटीचं सांगायला मान वर करी आणि खाली पाहतो तो पानात लाडू बसलेला असे. साखरेचा आजार असलेले एक निवृत्त हेडमास्तर तर त्यांना दुरून येताना पाहूनच पानावर दोन्ही हात पसरत. पूर्णिमाताई त्यांच्या हातांना वळसा घालून वाटीत बासुंदी ओतत आणि पुढे सरकत.

हे सगळं त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. पाहुण्याच्या तोंडाकडे बघू नको, पानाकडे बघ, असं आई सांगायची. तोंड भिडेनं काहीही बोलतं. पानात चार शितं, पोळीचा तुकडा राहिला, म्हणजे समज माणूस तृप्त झाला. पान चाटूनपुसून स्वच्छ दिसलं, म्हणजे समज त्याची भूक उरली आणि आपली अब्रू गेली. गावातल्या जुन्या मंडळींना हा नियम ठाऊक होता. पोट भरलं की ती पुरीचा एक तुकडा पानाच्या कडेला मुद्दाम ठेवून देत. तो दिसला की पूर्णिमाताई समाधानानं पुढच्या पानाकडे वळत.

पंगती उठल्या, की स्वयंपाकघरातल्या पाटावर टेकून त्या स्वतः दोन घास खात. त्यात काय असे, किती असे, याकडे कोणी पाहिलं नाही. त्यांनी स्वतःही पाहिलं नाही.

दुपारी डोळा लागला की त्यांना एक स्वप्न पडायचं. नेहमीचंच, जुनं. मंडळाच्या हॉलच्या दारातून एक पंगत सुरू व्हायची ती नागपूर रस्त्यानं खाली उतरत थेट तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत जायची. दोन्ही बाजूंना पानं मांडलेली, माणसं बसलेली. ओळखीची होती, गेलेलीही होती. आई होती, सासूबाई होत्या. नर्मदेवरून धुकं येऊन पानांवर उतरलेलं असायचं. पूर्णिमाताई वाढत वाढत चालायच्या, हातातलं ओगराळं कधी रिकामं व्हायचं नाही, पाय कधी दुखायचे नाहीत. पार टोकाला, पाण्याच्या अगदी कडेला एक पान दिसायचं. त्यावर काहीच नसायचं आणि त्याच्यासमोर कोणी बसलेलंही नसायचं. तिथवर पोचायच्या आधीच त्यांना जाग यायची. मग त्या उठून चहा टाकायच्या.

ताईंना मूल नव्हतं. हे त्या लपवत नसत आणि उगाळतही नसत. नवरा श्रीकांत, कारखान्यातली नोकरी संपवून पेन्शनवर आलेले, शांत गृहस्थ. घर दोघांचं, पण पातेलं सहा माणसांचं चढायचं. “उरलं तर शेजारी जाते ना, फेकून तर नाही राहिली,” असं त्या म्हणायच्या. दोन माणसांपुरता भात कसा लावतात, हे त्यांच्या हाताला कधी जमलंच नाही.

अशा घरात त्या वर्षी जूनमध्ये प्रणाली आली.

प्रणाली ही धाकट्या बहिणीची, अमिताची मुलगी. अमिता आणि तिचा नवरा अनुपम जपानात, समुद्राकाठच्या एका मध्यम शहरात राहत होते आणि पोरगी जन्मली, वाढली ती तिथेच. त्या वर्षी अनुपमची बदली व्हायची होती, घर हलवायचं होतं. पण अमितानं फोनवर खरं कारण सांगितलं ते वेगळंच. “ताई, हिचं खाणं कमी होऊन राहिलं. वरच्या मजल्यावर मोठ्या पोरी आहेत, हायस्कूलच्या. सकाळी काही खातच नाहीत, बारीक दिसायचं म्हणून. ही त्यांच्याकडे पाहते. अकरा वर्षांची पोर मला म्हणते, आई, मी उद्यापासून नाश्ता नाही करणार. मला भीती वाटते गं. तू हिला जरा खाऊ घाल. दिवाळीला मी येते. रमली असेल तर मार्चपर्यंत राहू दे, नाही तर सोबत घेऊन जाईन.”

‘खाऊ घाल’ एवढेच शब्द पूर्णिमाताईंच्या कानात राहिले. साऱ्या जगात इतकी माणसं असताना बहिणीनं हे काम आपल्यावर सोपवलं, याचा त्यांना केवढा अभिमान वाटला. आणि मार्चपर्यंत घरात एक लेकरू असणार, या कल्पनेनं त्यांना एक आठवडा धड झोप लागली नाही. दिवाळी ही आता त्यांची परीक्षा होती.

पोरगी आली ती हरणासारखी सडपातळ. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र थांबून थांबून, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखी. पहिल्या दिवशी पूर्णिमाताईंनी तिच्यापुढे ताट मांडलं. वरण, भात, तूप, भरलं वांगं, कढी, दोन पोळ्या. प्रणालीनं हात जोडले, पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि खायला लागली. सावकाश, मान खाली घालून, एकेक शीत टिपत तिनं ताट असं स्वच्छ केलं की त्यात ट्यूबलाइट दिसावी.

पूर्णिमाताईंचा ऊर भरून आला. कोण म्हणतं पोरगी खात नाही? त्यांनी आणखी भात वाढला. पोरगी ताटाकडे पाहत राहिली. मग पुन्हा खायला लागली आणि पुन्हा ताट स्वच्छ.

“अमिता, तू उगाच घाबरून राहिली होती,” त्यांनी संध्याकाळी फोन लावला. “तुझी पोरगी एक शीत टाकत नाही. मी वाढते, ती खाते. तिकडे तुझ्या हातालाच चव नसेल, बाई!”

पहाटे उठून पळायला जायची सवय होती तिला. पहिल्या आठवड्यात ती बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत धावून आली, तर दूधवाल्यानं काय झालं म्हणून सायकल थांबवली. इथल्या शाळेत नाव घातलं, तेव्हा पायी जाऊ का, असंही तिनं विचारलं. तिकडे गल्लीतली सगळी मुलं रांगेनं पायीच शाळेत जातात, थंडीत मैदानाला फेऱ्या मारतात, सगळी एकदम, असं तिनं सांगितलं. पूर्णिमाताईंनी डोळे मोठे केले. “या उन्हात? पायी? काकाची स्कूटर काय शोभेला ठेवली?” श्रीकांतरावांनी मुकाट्यानं स्कूटर काढली. पहाटेच्या पळण्याला मग नाश्त्यानं मागे सारलं. तूप-साखर लावलेली पोळी गरम असते तेव्हाच खावी लागते, आणि रविवारी पोहे-जिलबी आली, की माणसानं बसावं की पळावं?

दुपारी शाळेतून आल्यावर दोघी चटईवर आडव्या व्हायच्या. पंखा कुरकुरत फिरायचा. पडद्यातून येणारं ऊन भिंतीवर हलायचं. प्रणाली तिच्या शाळेचं सांगायची आणि पूर्णिमाताई अर्धवट झोपेत ऐकायच्या.

“आमच्या शाळेत मुलंच वाढतात, मावशी. आठवड्याची पाळी असते. पांढरी टोपी घालायची, पांढरा एप्रन. मोठं पातेलं दोघींनी धरून वर्गात आणायचं.”

“अच्छा? आणि बाई काय करतात?”

“बाई पण आमच्यासोबतच जेवतात. तेच. मासा, भात, सूप, दूध. कोणाला कमी भूक असेल तर तो आधीच सांगतो, कमी वाढ. कोणाला जास्त असेल तर जास्त. मग सगळे एकदम सुरू करतात.”

पूर्णिमाताईंच्या मिटल्या डोळ्यांपुढे मंडळाचा हॉल यायचा. पांढऱ्या टोप्या घातलेली चिमुरडी पोरं पंगतीतून फिरताहेत, हेडमास्तरांच्या वाटीत सूप ओतताहेत, आणि हेडमास्तर लहान मुलासारखे हसताहेत. छान होतं ते सगळं. ऐकता ऐकता त्यांना झोप लागायची. त्यापुढे प्रणाली काय सांगत होती, ते पंख्याच्या आवाजात विरून जायचं.

पोळा झाला, गणपती झाले. गणपतीत मोदक झाले, पुरण झालं, मंडळाच्या जेवणात पूर्णिमाताईंनी आपल्या भाचीला पंगतीच्या पहिल्या पानावर बसवली आणि साऱ्या जबलपूरला दाखवली. “बघा, जपानची पोरगी कशी जेवते!” सगळ्यांनी कौतुक केलं. हेडमास्तर मात्र तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. त्यांनी स्वतःच्या पानाच्या कडेला पुरीचा तुकडा ठेवला, तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि बोटानं तो तुकडा दाखवला. प्रणालीला काही कळलं नाही. तिनं नम्रपणे मान वाकवली आणि पुढची पुरी खाल्ली.

शाळेचा फ्रॉक कमरेत घट्ट होऊन उसवावा लागला. हे पूर्णिमाताईंना आधी भूषणच वाटलं. मग दीपा दीदी एकदा रस्त्यात भेटली. दीपा त्या शाळेत खेळ शिकवायची, गल्लीतलीच पोरगी, पूर्णिमाताईंच्या हातचे लाडू खाऊन मोठी झालेली.

“मावशीजी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना,” ती म्हणाली. “प्रणाली आली तेव्हा माझ्या वर्गात तिच्यासारखं कोणी पळत नव्हतं. आता भिंतीला टेकून बसते. म्हणते, पोट जड आहे. दमून जाते बिचारी.”

“परदेशातली पोर आहे, उष्णता बाधली असेल,” पूर्णिमाताई म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी डिंकाचे लाडू वळले.

पण त्या दिवसापासून काहीतरी टोचत राहिलं. पोरगी हसायची कमी. ताटावर बसताना एकदा दाराकडे पाहायची, मग ताटाकडे. दुपारी चटईवर पडली की शाळेच्या गोष्टी न सांगता भिंतीकडे तोंड करून झोपायची. ही आपल्याला विटली, पूर्णिमाताईंच्या मनात यायचं, घरची आठवण काढते आहे, दिवाळीला आई येईल आणि ही एकदाही मागे वळून न पाहता निघून जाईल.  प्रेम दाखवायची त्यांना एकच रीत येत होती, आणि ती त्यांनी आणखी जोरात सुरू केली.

नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी तिघं तिलवाऱ्याला गेली. पाऊस ओसरून नर्मदा निवळली होती. घाटाच्या पायरीवर चादर अंथरून पूर्णिमाताईंनी डबे उघडले. वडा-भात होता, त्यावर फोडणीचं तेल, कढी, पाटवड्या, आणि पोरीसाठी खास खव्याची जिलबी. पुलावरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज पाण्यावरून मऊ होऊन येत होता. पलीकडचा काठ उन्हात पातळ झाला होता. आपण जागे आहोत की दुपारची झोप लागली आहे, असं पूर्णिमाताईंना क्षणभर वाटलं. हाच तो काठ. इथेच ते पान असतं.

प्रणालीनं ताटली संपवली. पूर्णिमाताईंचा हात डब्यात गेला. वडा-भाताचा ढीग ताटलीत पडला आणि पोरीनं तो पाहिला. पहिला घास तिनं तोंडापर्यंत नेला, तसाच खाली ठेवला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आवाज न करता.

“काहून गं? काय झालं? तिखट लागलं?”

प्रणालीनं मान हलवली. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. “मावशी, मी काय चूक करते?”

“चूक?”

“मी सगळं संपवते. रोज. एक शीत पण ठेवत नाही. तरी तू पुन्हा वाढते. मी पुन्हा संपवते. तू पुन्हा वाढते.” तिनं मनगटानं नाक पुसलं. “मला वाटलं, मी नीट संपवत नाही म्हणून. मग मी आणखी स्वच्छ करते. पण ते कधी थांबतच नाही.”

पूर्णिमाताईंना आधी काही समजेना. मग समजलं, तसं त्यांनी वडा-भाताच्या डब्याचं झाकण लावलं.

“अगं माझे बाई,” त्या कशाबशा म्हणाल्या, “पोट भरलं तर ठेवायचं ना थोडं ताटात! दोन घास ठेवून द्यायचे. मी समजले असते.”

आता घाबरायची पाळी पोरीची होती. “ताटात ठेवायचं? अन्न?” तिनं आवाज खाली आणला, कोणी ऐकेल म्हणून. “कसं ठेवायचं, मावशी? ज्यांनी शिजवलं त्यांना वाईट वाटेल ना! आम्ही आधीच सांगतो, कमी वाढ. एकदा ताटात आलं की ते आपलं. ते टाकत नाहीत.”

“मग मला आधी सांगितलं का नाही, कमी वाढ म्हणून?”

“तू विचारलंच नाही,” प्रणाली म्हणाली.

श्रीकांतराव पाण्याकडे बघत बसले होते.  त्यांनी हळूच पोरीपुढची ताटली उचलली, स्वतःच्या मांडीवर घेतली आणि टाकावा लागू नये म्हणून तो वडा-भात खायला लागले. पूर्णिमाताईंनी प्रणालीला जवळ ओढलं. पोरीच्या जड झालेल्या पोटावर त्यांचा हात पडला आणि त्या रडल्या. लाजेनं रडल्या. सगळ्या गावाची भूक आपल्याला कळते म्हणून आजवर मिरवलं, आणि घरातल्या एका लेकराचं भरलेलं पोट आपल्याला दिसलं नाही. चार महिने दोघींनी एकमेकींचा मान राखला होता, आणि त्यात पोरगी आजारी पडायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवसापासून पूर्णिमाताईंनी विचारायला सुरुवात केली. किती वाढू? पोरगी सांगायची, तेवढंच ताटात जायचं. ऐकायला सोपं आहे. पण पोरीनं ताट स्वच्छ केलं, की यांचा हात आपसूक पातेल्याकडे जायचा. तो त्या दुसऱ्या हातानं धरून ठेवत. रिकामं ताट समोर असताना हातात ओगराळं घेऊन गप्प बसणं, हे आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. श्रीकांतराव गंमत करायचे, “तुझा हात बांधून देऊ का दोरीनं?” त्या चिडायच्या, मग हसायच्या.

स्कूटरही थांबली. सकाळी दोघी पायी निघायच्या. ऑक्टोबरच्या सकाळी घमापूर अजून नीट जागं झालेलं नसायचं. अर्ध्या उघडलेल्या शटरखालून झाडूचा आवाज यायचा, पोह्यांच्या कढईवर वाफ चढलेली असायची, देवळातला दिवा धुरकट हवेत तरंगताना दिसायचा. प्रणाली पुढे, ताई मागे. त्यांचे गुडघे बोलायचे. वळणावर पोरगी थांबायची, त्या आल्या की पुन्हा पुढे. इतकी वर्षं ज्या गल्लीत राहिलो ती आपण कधी पायांनी पाहिलीच नव्हती, असं त्यांना वाटायचं. परत येताना एकटीनं चालायचं म्हणजे त्यांना स्वप्नातून चालल्यासारखं व्हायचं, फक्त हातात ओगराळं नसायचं. महिनाभरात पोरगी वळणावर थांबायच्या आधी पळत जाऊन पळत मागे यायला लागली. एक दिवस दीपा दीदी शाळेच्या फाटकातूनच ओरडली, “मावशीजी, कल दौड़ी है आपकी बिटिया!”

अमिता आली ती दिवाळीच्या चार दिवस आधी. पोरीला पाहून तिचा चेहरा बदलला. चालण्यानं बरंच उतरलं होतं, तरी गाल अजून भरलेलेच होते. पूर्णिमाताईंनी काही झाकलं नाही. चहाचा कप हातात देण्याआधीच सगळं सांगून टाकलं, तिलवाऱ्यासकट.

अमितानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी खाऊ घाल म्हटलं होतं, ताई. कोंबायला नव्हतं सांगितलं.” थोड्या वेळानं तिनं न पाहताच सांगितलं, “तिकीट मी दोघींचं काढून आणलंय.”

  अमिताचं खरं होतं. पूर्णिमाताई आत गेल्या आणि उगाच डबे पुसत बसल्या. प्रणाली दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात शहपुऱ्याचा पहिला कोवळा मटार आला. पूर्णिमाताईंनी मटारभात केला, कढी केली, आणि ताटं घ्यायला वळल्या तर प्रणाली समोर. डोक्यावर काकांचा पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, कमरेला पांढरं उपरणं. हातात पूर्णिमाताईंचं ओगराळं.

“आज माझी पाळी,” ती म्हणाली. “सगळे बसा.”

“चलो, बसा तुम्ही,” पूर्णिमाताई श्रीकांतरावांना म्हणाल्या, “मी हिला पोळ्या करून देते.”

“सगळे म्हणजे सगळे, मावशी. सगळे बसल्याशिवाय सुरू करत नाहीत.”

तेव्हा त्या बसल्या, नवऱ्याशेजारी, बहिणीसमोर. सगळ्यांबरोबर जेवायला बसल्याचं त्यांना आठवेना. मांडी कशी घालायची, हात कुठे ठेवायचे, तेही सुचेना. प्रणाली श्रीकांतरावांपुढे गेली. “काका, किती भूक आहे?” काका म्हणाले, बरीच आहे. अमितापुढे गेली. “आई, किती?” अमिता म्हणाली, कमी वाढ, प्रवासानं पोट बरं नाही. तेवढंच वाढलं.

मग ती पूर्णिमाताईंपुढे आली. “मावशी, तुला किती भूक आहे?”

 पूर्णिमाताईंनी उत्तर आत शोधलं. माहेरी आई होती, भाऊ आधी जेवत. सासरी सासरे होते, मग पाहुणे, मग पंगती, मग उरलेलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानांना विचारला होता. त्यांना तो कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही नाही.

“मला माहीत नाही गं,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

“मग थोडं वाढते,” प्रणाली समजुतीनं म्हणाली. “लागलं तर मागायचं.”

तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं, हात जोडले, आणि सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. भात गरम होता. मटार दाताखाली फुटून गोड लागत होता. आपल्या हातचा मटारभात गरम असताना असा लागतो, हे पूर्णिमाताईंना पहिल्यांदा कळलं. बाहेर दुपार थांबल्यासारखी झाली होती. घासागणिक त्यांना कुठूनतरी नदीवरची हवा आल्यासारखी वाटत होती, आणि पाण्याच्या कडेचं ते रिकामं पान आपल्याचसाठी मांडलेलं होतं, हे त्यांना इतक्या वर्षांनी समजलं.

त्यांनी ताट संपवलं. एक शीत ठेवलं नाही.

प्रणालीनं त्या ताटाकडे पाहिलं. ओगराळं तिच्या हाताशीच होतं, पण तिनं ते उचललं नाही. ती नुसती मावशीकडे बघत थांबली. श्रीकांतरावही थांबले.

“प्रणाली,” पूर्णिमाताई खाली मान घालून म्हणाल्या, “मला अजून भूक आहे गं. थोडा भात वाढतेस?”

अमिताचा घास हातातच राहिला. लहानपणापासून ती या बहिणीच्या हातचं जेवली होती, आणि ताईनं कधी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. विचारून वाढणाऱ्या लेकीकडे आणि मागून घेणाऱ्या ताईकडे पाहून तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “ताई, मी एकटीच जाते. हिला मार्चमध्ये येऊन नेईन.”

पूर्णिमाताईंनी ते ऐकलं, पण मान वर केली नाही, कारण वर पाहिलं असतं तर जेवण तसंच राहिलं असतं. त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. प्रणालीनं डोक्यावरचा रुमाल नीट केला, ओगराळं हातात घेतलं आणि विचारलं, “किती वाढू, मावशी?”